'तो-ती-ते' आणि 'डेअर-डी-डास' : जर्मन नामांच्या लिंगविचाराची मराठीच्या बाजूने समीक्षा

प्रास्ताविक

मेहकर तालुक्यातील डोणगाव येथील एका विद्यार्थिनीची जर्मन भाषेची वही प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आली. परिचर्येचे शिक्षण पूर्ण केलेली ही मुलगी भ्रमणध्वनीवरील तासिकांच्या आधारे घरीच जर्मन शिकत होती. अक्षर वळणदार, पाने नीट आखलेली. प्रत्येक पानावर तीन रकाने होते. पहिल्यात जर्मन नाम व त्याचे उपपद, दुसऱ्यात इंग्रजी अर्थ, तिसऱ्यात मराठी अर्थ. पहिल्या रकान्यात कोठे 'डेअर', कोठे 'डी', कोठे 'डास' होते. दुसऱ्या रकान्यात त्या तिन्हींसमोर वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता : 'द'. तिसऱ्या रकान्यात तर उपपदाचा मागमूसही नव्हता; नुसते हात, पाय, नाक, कान.

जर्मन भाषेतील लिंगभेद इंग्रजीच्या रकान्यात बुडाला आणि मराठीच्या रकान्यात पुन्हा वर आलाच नाही, असे या पानांचे वर्णन करता येईल. वास्तविक मराठीत तीन लिंगे आहेत, जर्मनमध्येही तीनच आहेत. इंग्रजीत नामांना व्याकरणिक लिंग उरलेले नाही. म्हणजे ज्या दोन भाषांचे या बाबतीत एकमेकींशी जुळते, त्यांच्यामध्ये जिचे जुळत नाही अशी तिसरी भाषा दुभाषी म्हणून उभी करण्यात आली होती. हा दोष त्या विद्यार्थिनीचा नव्हे. तिला उपलब्ध झालेल्या साहित्याची ती पद्धतच होती, आणि थोड्याफार फरकाने आपल्याकडील बहुतेक परकीय भाषाशिक्षणाची तीच पद्धत आहे.

हा प्रश्न केवळ व्याकरणाच्या आवडीचा राहिलेला नाही. २०२४ साली महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पुरविण्यासंबंधी करार झाला व सुमारे दहा हजार तरुणांना तेथे पाठविण्याचा पथदर्शी प्रकल्प जाहीर करण्यात आला. तोपर्यंत जर्मन ही पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांतील, मॅक्सम्युलर भवनातील किंवा रानडे इन्स्टिट्यूटमधील भाषा मानली जाई. आता ती विदर्भातील गावांच्या आशेचा विषय झाली आहे. परिचारिकेला तेथे व्यवसायाची पूर्ण मान्यता मिळविण्यासाठी साधारणतः बी-२ पातळीची जर्मन यावी लागते. त्या पातळीपर्यंतच्या वाटेवर लिंग व उपपद हा पहिला चढ आहे, आणि अनेकजण तेथेच थकतात. म्हणून या चढाविषयी जे काही परंपरेने सांगितले जाते ते तपासून पाहणे अगत्याचे वाटते.

मार्क ट्वेनचे हसू

जर्मन नामांच्या लिंगाविषयी जगात जो समज रूढ आहे, त्याचे बरेचसे श्रेय एका विनोदी निबंधाकडे जाते. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन १८७८ मध्ये हायडेलबर्ग येथे काही काळ राहिला आणि १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ ट्रॅम्प अब्रॉड' या प्रवासग्रंथाच्या परिशिष्टात त्याने 'द ऑफुल जर्मन लँग्वेज' हा निबंध छापला. जर्मन शिकविणारा क्वचितच कोणी असेल, ज्याने पहिल्या आठवड्यात या निबंधाचा दाखला दिला नसेल. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, जर्मनमधील लिंगवाटपाला ना अर्थ आहे ना व्यवस्था. प्रत्येक नाम त्याच्या लिंगासह स्वतंत्रपणे घोकण्यावाचून गत्यंतर नाही. सलगमाचा कंद (डी ऱ्यूबे) स्त्रीलिंगी आणि तरुण मुलगी (डास मेट्शेन) मात्र नपुंसकलिंगी, याची तो यथेच्छ थट्टा करतो. शरीराच्या अवयवांची लिंगे एकामागून एक मोजून दाखवितो. शेवटी एका मासे विकणाऱ्या बाईची कथा जर्मन सर्वनामे जशीच्या तशी ठेवून इंग्रजीत सांगतो, तेव्हा पाऊस, गारा, हिम, चिखल हे सगळे 'पुरुष' होऊन वावरू लागतात.

विनोदाला तर्काची फूटपट्टी लावणे हे समीक्षकाला शोभत नाही, हे मान्य. तथापि विनोद कोणाच्या कानाने ऐकला जातो हे पाहणे समीक्षेच्या कक्षेत निश्चितच येते. वरील कथा मराठीत उतरवून पाहावी. पाऊस कोसळतो, चिखल होतो, गार पडते, चूल पेटते, घर जळते. येथे हसण्यासारखे काहीच उरत नाही. पाऊस 'तो' असणे, चूल 'ती' असणे आणि घर 'ते' असणे ही मराठी माणसाच्या कानाची रोजची सवय आहे. ट्वेनच्या कथेतील गंमत जर्मन भाषेत नाही आणि मराठीतही नाही. ती केवळ इंग्रजीत शिरताना निर्माण होते. असे असताना मराठी वर्गात तो निबंध सांगून हशा पिकविला जातो, तेव्हा विद्यार्थी स्वतःच्या कानांनी हसत नसतात. ते कान इंग्रजीकडून उसने घेतलेले असतात.

अवयवांच्या यादीचेही तसेच. ट्वेनला दाढी-मिशा स्त्रीलिंगी असलेली भाषा भेटली असती तर त्याने काय केले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. मराठीत दाढी स्त्रीलिंगी, मिशी स्त्रीलिंगी, स्त्रीच्या लुगड्याचा पदर पुल्लिंगी, तिचे मंगळसूत्र व कुंकू नपुंसकलिंगी. कान पुल्लिंगी, नाक नपुंसकलिंगी, जीभ स्त्रीलिंगी. झाड नपुंसकलिंगी, त्याची फांदी स्त्रीलिंगी, पान पुन्हा नपुंसकलिंगी. यात कोणाला विसंगती जाणवत नाही, कारण मराठी माणूस लिंगाचा विचार वस्तूकडे पाहून करीतच नाही. शब्दाकडे पाहून करतो.

राहिला प्रश्न 'मेट्शेन'चा. या शब्दाला शेवटी 'शेन' हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागला आहे व तो प्रत्यय लागलेले प्रत्येक जर्मन नाम नपुंसकलिंगी होते. ट्वेनने दिलेले हे उदाहरण अव्यवस्थेचे म्हणून प्रसिद्ध आहे. प्रत्यक्षात ते जर्मनमधील सर्वांत कडक नियमाचे उदाहरण आहे. शिवाय लहानग्यांना नपुंसकलिंगात घालण्याची रीत मराठीला परकी नाही. वासरू, कोकरू, शिंगरू, करडू, पिल्लू, लेकरू, मूल, बाळ हे सारे नपुंसकलिंगी. जर्मनमध्ये वासरू 'डास काल्प', कोकरू 'डास लाम', शिंगरू 'डास फोलेन', मूल 'डास किंट'. शब्दागणिक जुळणी आहे. कोकणीत तर तरुण मुलीला 'चेडूं' म्हणतात व तो शब्द नपुंसकलिंगी आहे; मेट्शेनची सख्खी बहीणच म्हणायची. यावर स्त्रीवादी दृष्टीने आक्षेप घेता येतो आणि जर्मनीत तो घेतलाही गेला आहे. परंतु तो आक्षेप मराठी वाचकाने घ्यायचा तर आपल्या 'पोरगं' व 'कार्टं' या शब्दांपासून आरंभ करावा लागेल.

ट्वेनच्या हास्यात आणखी एक विस्मरण दडलेले आहे. त्याच्या स्वतःच्या भाषेच्या पूर्वरूपात, म्हणजे जुन्या इंग्रजीत, तीन लिंगे होती आणि तीन लिंगांची तीन दर्शकरूपे होती. त्या भाषेत मुलगी या अर्थाचा शब्द नपुंसकलिंगी होता, स्त्री या अर्थाचा 'वीफ' हा शब्दही नपुंसकलिंगी होता. आजचा इंग्रजी 'वाइफ' त्याचाच वंशज. जी व्यवस्था जर्मनने राखली आणि इंग्रजीने गमावली, तिला इंग्रजी लेखक अव्यवस्था म्हणतो. घर विकून बसलेल्याने शेजाऱ्याच्या माळवदाला हसावे, तसे काहीसे हे झाले.

पतंजलीचा लोक आणि डोणगावचा एकांत

ट्वेनचा निबंध ज्या १८८० मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी फ्रान्झ कीलहॉर्न या जर्मन पंडिताने सिद्ध केलेल्या पातंजल महाभाष्याच्या आवृत्तीचा पहिला खंड मुंबईस पूर्ण झाला. कीलहॉर्न १८६६ पासून पंधराएक वर्षे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे अध्यापन करीत होते. एक अमेरिकन जर्मनच्या लिंगांना हसत असताना एक जर्मन माणूस पुण्यात बसून, लिंगाचा सर्वांत खोल विचार ज्या ग्रंथात झाला आहे तो छापीत होता, हा योगायोग नोंदविण्याजोगा वाटतो.

महाभाष्यात चौथ्या अध्यायाच्या आरंभी लिंगाची चर्चा येते. शरीरावरील खुणांवरून लिंग ठरते असे म्हटले, तर खाट स्त्रीलिंगी आणि वृक्ष पुल्लिंगी का, याचे उत्तर देता येत नाही, ही अडचण पतंजली उपस्थित करतो. 'तट' हा एकच शब्द तिन्ही लिंगांत चालतो. परंपरेतील नेहमीचे उदाहरण घ्यायचे तर पत्नी या एकाच अर्थाचे 'दार', 'भार्या' व 'कलत्र' हे तीन शब्द अनुक्रमे पुल्लिंगी, स्त्रीलिंगी व नपुंसकलिंगी आहेत. यावर पतंजलीचा निर्णय असा की, लिंग ही व्याकरणाने शिकविण्याची बाब नव्हे. ते लोकव्यवहारावर आधारलेले असते. लोक जसे बोलतात तसे ते घ्यावे. मराठी व्याकरणकारांनीही अप्राणिवाचक नामांच्या लिंगाबाबत शेवटी रूढीचाच आधार घेतला, तो याच परंपरेला धरून.

हा निर्णय जितका प्रगल्भ आहे तितकाच तो भाषेच्या घरातील माणसाला उद्देशून आहे. मराठी मूल 'भिंत पडली' हे वाक्य शेकडो वेळा ऐकते, त्यानंतर कधीतरी शाळेत त्याला 'भिंत - स्त्रीलिंग' असे सांगण्यात येते. लोक आधी, नियम नंतर. डोणगावात जर्मन शिकणाऱ्या मुलीभोवती जर्मन बोलणारा लोक नाही. बाजारात, एस.टी. स्थानकावर, घरात, दवाखान्यात तिच्या कानावर मराठी, वऱ्हाडी, थोडी हिंदी व उर्दू पडते. ज्याच्यावर विसंबायचे तो लोकच जेथे नाही, तेथे 'लोकावर विसंबा' हा उपदेश निरुपयोगी ठरतो. 'प्रत्येक शब्द घोका' हा ट्वेनप्रणीत उपदेशही वस्तुतः त्याच अभावाचे दुसरे टोक होय.

आपल्याच परंपरेत यावर एक मधला मार्ग आहे. संस्कृत जेव्हा घरची भाषा उरली नाही, तेव्हा लिंगानुशासने रचली गेली. अमरकोशात तर शब्द आणि त्याचे लिंग एकत्रच पाठ व्हावे अशी योजना आहे. कधी शब्दरूपावरून, कधी 'स्त्री', 'पुंसि', 'क्लीबे' यांसारख्या सूचक शब्दांवरून लिंग कळते आणि अखेरीस लिंगविचाराचा स्वतंत्र वर्गही येतो. मोल्सवर्थने मराठी-इंग्रजी कोश केला तेव्हा प्रत्येक नामापुढे लिंगाचा निर्देश केला, कारण त्याचा वाचक बाहेरचा होता. जर्मन पाठ्यपुस्तके नाम देताना त्याच्याआधी 'डेअर', 'डी' किंवा 'डास' छापतात, ती हीच युक्ती होय. परक्या शिकणाऱ्यासाठी उपपद हे अनुपस्थित लोकाचे काम करते. म्हणूनच ते इंग्रजी 'द'मध्ये विरघळू देणे ही किरकोळ चूक ठरत नाही.

दोन त्रिकुटांचे नाते

मराठी शाळेत नामाचे लिंग ओळखायला कसे शिकवितात? त्यामागे 'तो', 'ती', 'ते' लावून पाहा, असे. तो वाडा, ती भिंत, ते घर. जर्मन उपपदेही मुळात दर्शक सर्वनामेच आहेत. जुन्या उच्च जर्मनच्या काळात त्यांचे उपपदांत रूपांतर होत गेले. इतकेच नव्हे, तर ही दोन त्रिकुटे एकाच घराण्यातील आहेत. संस्कृतात पुल्लिंगी 'सः', स्त्रीलिंगी 'सा', नपुंसकलिंगी 'तत्'. जर्मनची जुनी नातलग असलेल्या गॉथिक भाषेत 'सा', 'सो', 'थाटा'. साम्य डोळ्यात भरावे इतके आहे. ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेल्या ध्वनिनियमांच्या वाटेने 'तद्'चा 'त' गॉथिकमध्ये 'थ' झाला, पुढे जर्मनमध्ये 'ड' झाला, आणि अंत्य व्यंजन 'स' होऊन 'डास' हे रूप सिद्ध झाले. (मराठी कानाला हा शब्द चावरा वाटतो खरा, पण आपला डास पुल्लिंगी आहे आणि जर्मन डास, म्हणजे 'डी म्यूके', स्त्रीलिंगी.)

याहून मनोरंजक गोष्ट पुढची आहे. संस्कृत व गॉथिक या दोहोंत पहिल्या दोन रूपांना 'स' आणि तिसऱ्याला 'त' किंवा 'थ' अशी विषमता होती. मराठीने ती मोडून तिन्ही रूपे 'त'ची केली : तो, ती, ते. जर्मननेही एकमेकींशी संबंध नसताना तेच केले आणि तिन्ही रूपे 'ड'ची झाली. मराठी विद्यार्थ्याला 'डेअर-डी-डास' म्हणजे 'तो-ती-ते' असे सांगणे ही सोयीसाठी केलेली तुलना नाही. ती वंशावळ आहे.

नाते एवढ्यावर थांबत नाही. चतुर्थीत येताच दोन्ही भाषांत पुल्लिंग व नपुंसकलिंग एकरूप होतात. 'त्याला' हे रूप मुलगा व मूल या दोघांनाही लागते, मुलीला मात्र 'तिला'. जर्मनमध्ये 'ईम' हे पुल्लिंगी व नपुंसकलिंगी, 'ईअर' हे स्त्रीलिंगी; उपपदांत पहिल्या दोघांना 'डेम', तिसरीला 'डेअर'. चतुर्थीतील हा स्त्रीलिंगी 'डेअर' प्रथमेतील पुल्लिंगी 'डेअर'सारखा दिसतो म्हणून विद्यार्थी गोंधळतात. 'डी' हे एकवचनी स्त्रीलिंगाचेही उपपद आणि सर्व लिंगांच्या अनेकवचनाचेही. पण 'ती मुलगी आली' व 'ती मुले आली' यांत 'ती' दोन निरनिराळी कामे करते, आणि 'ते घर' व 'ते लोक' यांत 'ते' दोन कामे करते, याचा त्रास आपणास कधी झाला? एका रूपाने दोन कामे करणे हे मराठी भाषकाला नवे नाही. फक्त ते त्याला कोणी दाखवून दिलेले नसते.

समासाचेही तसेच. सामासिक शब्दाचे लिंग शेवटच्या पदावरून ठरते हा नियम शालेय व्याकरणात आहे : मीठ नपुंसकलिंगी, भाकरी स्त्रीलिंगी, म्हणून मीठभाकरी स्त्रीलिंगी. जर्मनमध्ये टेबल 'डेअर टिश', दिवा 'डी लांपे', म्हणून टेबलावरचा दिवा 'डी टिशलांपे'. जर्मन आपल्या लांबलचक समासांसाठी बदनाम आहे. मीठभाकरी ज्याला कळली त्याला त्यातील निदान लिंग तरी कळायला हवे.

१९८० च्या दशकात क्लाउस-मिखाएल क्योप्के व डेव्हिड झुबिन या अभ्यासकांनी जर्मन लिंगव्यवस्थेत ध्वनींचे व अर्थाचे अनेक अंतःस्थ नियम दाखवून दिले आणि 'व्यवस्थाच नाही' हा समज बराच दुबळा केला. त्यांतील एक निरीक्षण आपल्या दृष्टीने विशेष बोलके आहे : जातिवाचक, व्यापक अर्थाची नामे नपुंसकलिंगाकडे झुकतात व तिच्या पोटातील विशिष्ट नामे पुल्लिंगी वा स्त्रीलिंगी असतात. प्राणी 'डास टिअर', पण कुत्रा 'डेअर हुंट' व मांजर 'डी कात्से'. धान्य 'डास गेट्रायडे', पण गहू 'डेअर वायत्सेन' व ज्वारीच्या कुळातील भरडधान्य 'डी हिर्झे'. आता मराठीकडे पाहावे. जनावर नपुंसकलिंगी, बैल पुल्लिंगी, म्हैस स्त्रीलिंगी. झाड नपुंसकलिंगी, वड व पिंपळ पुल्लिंगी, चिंच व बाभूळ स्त्रीलिंगी. वाद्य नपुंसकलिंगी, ढोल पुल्लिंगी, सनई स्त्रीलिंगी. धान्य नपुंसकलिंगी, गहू पुल्लिंगी, ज्वारी व बाजरी स्त्रीलिंगी. अपवाद दोन्हीकडे आहेत (आपले मांजर नपुंसकलिंगी, आणि जर्मन 'डास गेम्यूझे'समोर आपली भाजी स्त्रीलिंगी), पण प्रवृत्ती एकच आहे. डोणगावच्या शेतकऱ्याच्या मुलाला ही व्यवस्था शिवारात उभी राहून सांगता येईल. पाठ्यपुस्तकांत मात्र तिच्याऐवजी प्रत्ययांची कोरडी जंत्री असते. ती जंत्रीही उपयोगाची आहे, नाही असे नाही; 'उंग', 'हाइट', 'काइट', 'शाफ्ट' यांत संपणारी नामे स्त्रीलिंगी, हे कळले की शेकडो शब्दांचे ओझे उतरते.

जुळणीची मर्यादा

येथवरचे विवेचन वाचून 'मराठी माणसाला जर्मन लिंग सोपे' असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो ट्वेनइतकाच एकांगी होईल. लिंग ही कल्पना मराठीतून मिळते. प्रत्येक शब्दाचे लिंग मिळत नाही. परिचारिकेच्या कामाचे बारा शब्द घेऊन हे तपासले. हात, पाय, बोट, डोळा, कान, नाक, जीभ, दात, गुडघा, हृदय, पोट, पाठ. यांपैकी पाय (डेअर फूस), जीभ (डी त्सुंगे), दात (डेअर त्सान) व हृदय (डास हेर्त्स) या चारच ठिकाणी दोन्ही भाषांतील लिंग जुळते. हात आपला पुल्लिंगी, त्यांची 'हांट' स्त्रीलिंगी. डोळा व कान आपले पुल्लिंगी, त्यांचे नपुंसकलिंगी. पाठ आपली स्त्रीलिंगी, त्यांचा 'र्‍यूकेन' पुल्लिंगी. बारांत चार, म्हणजे एक तृतीयांश. डोळे मिटून तिहींतून एक निवडले असते तरी साधारण इतकेच जुळले असते.

परंतु या चारांकडे जरा थांबून पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. हे चारही जर्मन शब्द 'पाद', 'जिह्वा', 'दन्त' व 'हृदय' यांचे भाषाकुलातील आप्त आहेत. जे आठ जुळले नाहीत त्यांतही मराठी शब्द बाजूला ठेवून संस्कृतकडे गेल्यास आणखी तीन जुळतात : नाकासाठी 'नासा' स्त्रीलिंगी व 'डी नाझे' स्त्रीलिंगी, डोळ्यासाठी 'अक्षि' नपुंसकलिंगी व 'डास आउगे' नपुंसकलिंगी, गुडघ्यासाठी 'जानु' नपुंसकलिंगी व 'डास क्नी' नपुंसकलिंगी. म्हणजे लिंग हे पुष्कळदा शब्दाबरोबर आलेले वतन असते. शब्द बदलला की वतनही जाते. हा नियम सरसकट लावण्याचा मोह मात्र आवरावा. 'नामन्' संस्कृतात नपुंसकलिंगी, मराठीतही नाव नपुंसकलिंगीच, पण जर्मनचा 'नामे' पुल्लिंगी झाला. आणि जर्मन सूर्य, 'डी झोने', स्त्रीलिंगी आहे, याची तर मराठी मनाला कितीही तयारी केली तरी सवय होत नाही.

खरी अडचण लिंगाहूनही निराळ्या ठिकाणी आहे, आणि तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. मराठीत लिंग वाक्याच्या शेवटाकडे वाजते. 'वाडा पडला, भिंत पडली, घर पडले' यांत नामापुढे काहीच नाही. क्रियापद लिंग सांगते. जर्मन क्रियापदाला लिंगाचा गंधही नाही. तेथे जे काही सांगायचे ते नामाच्या आधी, उपपदात सांगून टाकलेले असते, आणि अनेकवचनात तर तेही सांगितले जात नाही. मराठी कान शेवटाकडे लागलेला असतो. जर्मन खूण आरंभी येऊन गेलेली असते. त्यातच मराठीत निश्चित-अनिश्चित असा भेद दाखविणारे उपपद नाही. 'औषध द्या' एवढ्याने आपले काम भागते. म्हणून मराठी विद्यार्थी जर्मन बोलताना उपपद गाळतो, आणि उपपद गाळले की त्याबरोबर लिंग जाते, विभक्ती जाते, कोणी कोणाला काय दिले हेही संदिग्ध होते. रुग्णालयात ही संदिग्धता विनोदाचा विषय राहत नाही.

यावर मराठीतच एक आधार आहे, पण तो उपपदाच्या नव्हे तर विशेषणाच्या घरात. 'चांगला, चांगली, चांगले' असे विकारी विशेषण नामाच्या आधी येऊन लिंग दाखविते. जर्मनमध्ये उपपद नसते तेव्हा विशेषण नेमके हेच करते : 'गूटर', 'गूटे', 'गूटेस'. जर्मन विशेषणांचे प्रत्यय हा अत्यंत किचकट भाग समजला जातो व अभ्यासक्रमात तो उशिरा येतो. मराठी विद्यार्थ्यापुरता हा क्रम उलटा करून पाहावा असे प्रस्तुत लेखकास वाटते. ज्याला 'गोड आंबा' व 'गोड कैरी' यांत 'गोड' बदलत नाही, परंतु 'पिकला आंबा' व 'पिकली केळी' यांत बदलते, हे जन्मतः माहीत आहे, त्याला नामाआधीच्या शब्दाने लिंगाप्रमाणे रूप पालटणे शिकवावे लागत नाही. फक्त आठवण करून द्यावी लागते.

डोणगावच्या त्या वहीत दुसरा रकाना खोडून त्याच्या जागी 'तो, ती, ते' लिहून पाहण्यास सुचविले होते. पहिल्याच पानावर घोटाळा झाला. विद्यार्थिनीने 'तो, ती, ते' मराठी अर्थाच्या आधी लावले, आणि 'ती हात', 'ते कान', 'ती सूर्य' असे लिहिताना तिचे तिलाच हसू आले. मराठी जीभ 'ती सूर्य' म्हणायला तयार होत नाही, आणि होऊही नये. मग ही दर्शके मराठी अर्थापासून काढून जर्मन नामाच्या आधी नेली : ती हांट, ते ओअर, ती झोने. तिसऱ्या रकान्यात हात, कान व सूर्य आपापल्या लिंगात निवांत राहिले. या खेपेस तिला हसू आले नाही. 'ती हांट दुखते' असे अर्धे मराठी, अर्धे जर्मन वाक्य तिने मोठ्याने म्हणून पाहिले, आणि पुढच्या ओळीवर 'डी' लिहून मगच 'हांट' लिहिले.